वर घर, खाली गाळा : आपल्या किरायानाम्याची सत्तर वर्षं

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सुचवलं. सोसायटीची जागा कशी मिळाली, पहिली बोअर किती फुटांवर लागली, लिफ्टसाठी वर्गणी कशी जमली, हे सांगणारे सभासद माझ्यापेक्षा जाणकार आहेत. म्हणून मी वेगळा विषय घेतला. आपल्या प्रत्येक वार्षिक सर्वसाधारण सभेत ज्याच्यावरून आवाज चढतो, तो विषय : किराया. फ्लॅट किरायाने देताना नोंदणी का करायची, खालच्या गाळ्यांना वेगळा नियम का, सोसायटीने यात पडायचं की नाही, हे प्रश्न दरवर्षी येतात आणि चहा आला की तसेच राहतात. काही वर्षं सोसायटीचं दप्तर माझ्याकडे होतं. त्या काळात या नियमांचा माग काढत गेलो आणि लक्षात आलं, की हे नियम कुणी एका रात्रीत आपल्यावर लादलेले नाहीत. त्यांना सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा खास आपल्या मराठवाड्याचा आहे.

एक योगायोग आधीच सांगतो. आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. आज ज्या कायद्याखाली आपले किरायानामे होतात, तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हादेखील ३१ मार्च २००० रोजीच अमलात आला. म्हणजे सोसायटी आणि कायदा एकाच वयाचे. दोघांनीही पंचविशी गाठली.

शब्दावरचा व्यवहार

खाली दुकान आणि वर घर ही रचना काही अलीकडच्या बिल्डरांनी आणलेली नाही. आपल्या नांदेडात वजिराबाद, इतवारा या जुन्या पेठांतून चक्कर मारली तरी ती दिसते. मालक दिवसभर खाली गल्ल्यावर बसायचा आणि जेवणाच्या वेळी जिना चढून वर जायचा. लातूरला १९१७ साली उभी राहिलेली गंजगोलाई आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेत. त्या रस्त्यांच्या कडेने वाढलेल्या पेठेतही हीच तऱ्हा. दुकान मोठं झालं, माणसं वाढली, की मालक नव्या वस्तीत बंगला बांधायचा आणि वरची खोली किरायाने जायची. पुढेमागे खालचं दुकानही जायचं.

पुण्याकडे ज्याला भाडं म्हणतात त्याला आपण अजूनही किराया म्हणतो. निजामी राजवटीतून आपल्या बोलीत राहिलेल्या शब्दांपैकी हा एक. या किरायाचा व्यवहार बहुतेक वेळा तोंडी चालायचा. ओळखीतला माणूस, मधे एखादा शब्द टाकणारा, आणि महिन्याच्या महिन्याला हातात रोख. पावती असली तर असली. शब्द देणारे आणि घेणारे दोघंही हयात असेपर्यंत असा व्यवहार छान चालतो. अडचण पुढच्या पिढीत येते. मालकाचा मुलगा म्हणतो, 'बाबांनी तात्पुरतं दिलं होतं.' किरायदाराचा मुलगा म्हणतो, 'आम्ही तर इथेच जन्मलो.' दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. कागद मात्र कुणाकडेच नसतो.

हैदराबादचा कायदा, फक्त आपल्याकडे उरलेला

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १९५२ च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्ण राव यांचं मंत्रिमंडळ आलं. त्याच हैदराबाद राज्यात १९५४ साली घरांच्या किरायाचा, किरायदाराला काढण्याचा आणि भाडेपट्ट्याचा नियंत्रण कायदा झाला. त्यात शासनाने नेमलेला रेंट कंट्रोलर असायचा. किराया थकवला, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःलाच जागा लागली, अशी ठरावीक कारणं असतील तरच किरायदाराला बाहेर काढता येई, आणि तेही कंट्रोलरकडे अर्ज करून. शहरांत घरं कमी आणि माणसं जास्त, अशा काळात गरीब कुटुंबाला रातोरात रस्त्यावर येऊ न देणारी ही तरतूद होती. तिचं मोल कमी नाही.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्य बदललं, राजधानी बदलली, पण किरायाचा कायदा हैदराबादचाच राहिला. गंमत अशी, की खुद्द हैदराबाद शहरात १९६० साली आंध्र प्रदेशाने नवा कायदा करून तो मोडीत काढला. बिदर, गुलबर्गा, रायचूर या भागांना १९६१ साली कर्नाटकचा, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्याचा, नवा कायदा मिळाला. हैदराबाद राज्य उरलं नाही, हैदराबादेत त्याचा कायदा उरला नाही, पण नांदेड, लातूर, परभणी, बीड, औरंगाबाद इथे तो पुढची चाळीस वर्षं चालू राहिला.

त्यामुळे महाराष्ट्रात एकाच वेळी किरायाचे तीन कायदे होते. मुंबई-पुण्याच्या बाजूला १९४७ चा मुंबई भाडे कायदा, विदर्भात मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेश आणि आपल्याकडे हैदराबादचा १९५४ चा कायदा. नांदेडहून पुण्याला बदली झालेल्या नोकरदाराला घराबरोबर कायदाही बदलावा लागे.

मालकाची धास्ती आणि अकरा महिन्यांची पळवाट

या कायद्यांनी किरायदाराला आधार दिला, पण मालकाच्या मनात धास्ती बसली. एकदा जागा दिली की परत मिळणार नाही, ही भीती घरोघरी होती. मुंबईत तर भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलेली होती. तिथल्या मालकांनी 'हा भाडेकरू नाही, परवानाधारक आहे' असं लिहून जागा द्यायला सुरुवात केली. हाच तो लिव्ह अँड लायसन्स. त्यावर सरकारने १९७३ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानाधारक जागेत होते, त्यांना भाडेकरूचं संरक्षण दिलं. ही दुरुस्ती मुंबईच्या कायद्यातली, आपल्याकडची नव्हे. पण बातमी मराठवाड्यातही आली आणि मालकांनी तिचा अर्थ एकच घेतला : कागद केला तरी फसतो, न केला तरी फसतो. मग निदान कागद तरी कशाला?

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितलं, की अशी वर्षानुवर्षं गोठवलेली भाडी आता वाजवी म्हणता येणार नाहीत. नवा कायदा येणं भागच होतं.

अकरा महिन्यांचा करार हा प्रकारही याच धास्तीतून रुजला. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. मग मुदत अकरा महिने ठेवली की रजिस्ट्री ऑफिसची पायरी चढायला नको. शंभरचा बाँड घ्यायचा, टायपिंगवाल्याकडून छापील मजकूर घ्यायचा, नोटरीचा शिक्का मारायचा, काम झालं. ही पळवाट इतकी रूढ झाली, की अकरा महिने म्हणजे नोंदणी नको, हे आपल्याकडे जणू पाठच झालं.

३१ मार्च २००० नंतर हे समीकरण महाराष्ट्रात लागू राहिलेलं नाही. आपल्या इमारतीत आजही ते ऐकू येतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

२००० सालचा बदल

नव्या कायद्याने आधीचे तिन्ही कायदे रद्द केले. हैदराबादचा कायदा त्या दिवशी मराठवाड्यातूनही गेला. दाद मागण्याची जागा बदलली. रेंट कंट्रोलरऐवजी प्रकरणं दिवाणी न्यायालयात जाऊ लागली. संरक्षण असलेल्या किरायदाराच्या किरायात मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याची मुभा मिळाली.

आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं कलम ५५. ते सांगतं, की कायदा लागू झाल्यानंतर केलेला कोणताही करार, मग तो भाडेपट्ट्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे. मुदतीची सूट त्यात नाही. अकरा महिने असोत की पाच वर्षं, नोंदणी पाहिजेच. आणि ती करून घेण्याची जबाबदारी कुणाची? जागा देणाऱ्याची. किरायदाराची नव्हे, एजंटाची नव्हे, सोसायटीची तर नव्हेच. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट त्याच कलमात पुढे आहे. नोंदलेला करार नसेल तर किरायदार ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात. खोट्या आहेत हे सिद्ध करायचं काम मालकावर येतं. म्हणजे मालकाने बोलायचं आणि किरायदाराने ऐकायचं, हा जुना शिरस्ता कायद्याने उलटा केला. मालकाला आपला शब्द टिकवायचा असेल तर तो कागदावर आणून नोंदवायचा. नाहीतर समोरच्याचा शब्द चालेल.

याच्या जोडीला कलम २४ आलं आणि त्याने मालकाची जुनी धास्ती बरीच काढली. राहण्यासाठी दिलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत घेऊ शकतो. लेखी करारात जे लिहिलं आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतरही राहणाऱ्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. १९५४ पासून मालकाला जी खात्री हवी होती ती त्याला मिळाली, पण कागद नीट केला तरच.

गाळा म्हणजेही फ्लॅट, पण

आता आपल्या इमारतीच्या खास प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे खाली गाळे आहेत आणि वर घरं. सभेत नेहमी ऐकू येतं, 'गाळेवाल्यांचं वेगळं, फ्लॅटवाल्यांचं वेगळं.' हे अर्धं खरं आहे.

१९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या फ्लॅटच्या कायद्यात, ज्याला आपण मोफा म्हणतो, 'फ्लॅट' शब्दाची व्याख्या दिली आहे. तिच्यात राहण्याची जागा आहे, तसंच ऑफिस, शोरूम, दुकान आणि गोदामही आहे. म्हणजे त्या कायद्याच्या नजरेत खालचा गाळाही फ्लॅटच. म्हणून गाळाधारक आपल्यासारखेच सभासद आहेत. त्यांना मत आहे, हिशेब विचारण्याचा हक्क आहे आणि गळक्या गच्चीच्या खर्चातला वाटाही आहे.

नोंदणीच्या बाबतीतही दोघे सारखे. कलम ५५ दोघांना लागू. गाळा किरायाने देणाऱ्यालाही करार लिहावा आणि नोंदवावा लागतो.

फरक पुढे आहे. कलम २४ फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला लागू पडतं. वरचा फ्लॅट मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याच्या त्या झटपट वाटेने परत मिळतो, खालचा गाळा त्या वाटेने मिळत नाही. त्यासाठी दिवाणी कोर्टाचा रस्ता. किरायदार वारला तर पुढे कुणाचा हक्क, हेही वेगळं. संरक्षित किरायदाराच्या घराच्या बाबतीत त्याच्याबरोबर राहणारं कुटुंबातलं माणूस बघितलं जातं. गाळ्याच्या बाबतीत त्या जागेत त्याच्याबरोबर धंदा करणारं कुटुंबातलं माणूस. आणि समजा गाळ्यात बँकेची शाखा आली किंवा एक कोटी वा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेली कंपनी आली, तर भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण तिला मिळतच नाही. तिथे करारातल्या अटी आणि सर्वसाधारण मालमत्ता कायदा एवढंच चालतं.

थोडक्यात, आपल्या इमारतीला जिना एकच असला तरी त्याच्या पायथ्याशी एक नियम चालतो आणि वर दुसरा. एकाच छापील मजकुरावर गाळा आणि फ्लॅट दोन्ही देणं म्हणजे एकाच चावीने दोन कुलपं उघडायला जाणं.

आपल्याच जिन्यातल्या दोन गोष्टी

नावं सांगत नाही. जाणकार ओळखतील आणि गप्प बसतील.

एक सभासद नोकरीमुळे बाहेरगावी गेले. फ्लॅट ओळखीतल्या कुटुंबाला तोंडी दिला. किराया त्यांचे एक नातेवाईक दर महिन्याला घेऊन जायचे. पाच-सहा वर्षांनी फ्लॅट विकायचा ठरला तेव्हा डिपॉझिटचा प्रश्न आला. मालक म्हणाले वीस हजार, किरायदार बाई म्हणाल्या पन्नास. मधले नातेवाईक तोवर वारले होते. बाईंनी शपथेवर सांगितलं, की मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून दिले होते. मालकही खोटं बोलणारा माणूस नव्हता. चार ज्येष्ठ सभासद बसले आणि मधला आकडा काढला. पण ते कुटुंब गेलं ते रडत गेलं आणि त्या सभासदांचं आपल्याकडे येणंही तिथेच थांबलं. नोंदणीचा खर्च त्या वादातल्या रकमेच्या मानाने किरकोळ होता.

दुसरी गोष्ट खालची. गाळा अकरा महिन्यांच्या नोटरी करारावर दिलेला. मुदत संपली, किरायदार हलेना. वरच्या मजल्यावरच्या एकाने त्याच सुमारास आपला फ्लॅट नोंदलेल्या कराराच्या जोरावर सहा-आठ महिन्यांत सोडवून घेतला होता. गाळेमालक त्याच वाटेने जायला निघाले, तेव्हा वकिलांनी सांगितलं, की ती वाट राहत्या घरासाठी आहे, दुकानासाठी नाही. शिवाय करार नोंदलेला नाही, म्हणून अटी किरायदार सांगेल त्या. मग दिवाणी दावा, तारखा, आणि सगळ्या इमारतीने पाहिलेला तो रोजचा अबोला. किरायदाराचंही पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. दुकानाला गिऱ्हाईक लागायलाच दोन वर्षं जातात. अकरा महिन्यांत तो कुठे जाणार होता? गाळ्याची मुदत, किरायातली वाढ, सोडण्याआधीची सूचना हे सगळं पहिल्याच दिवशी लिहून नोंदवलं असतं, तर दोघांचीही वर्षं वाचली असती.

लेकरं शिकायला आली

२००० नंतरच्या पंचवीस वर्षांत आपल्या दोन्ही शहरांचं रूप बदललं. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आलं, १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली, २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या सोहळ्यानिमित्त रस्ते रुंद झाले. लातूर १९८२ साली स्वतंत्र जिल्हा झाला, २०११ मध्ये तिथे महानगरपालिका आली, आणि 'लातूर पॅटर्न' राज्यभर गाजला. लातूरचा ट्यूशन एरिया ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. खाली क्लासचा बोर्ड, मेस, झेरॉक्स, वर खोल्या-खोल्यांत अभ्यास करणारी लेकरं. नांदेडातही आता तेच चित्र आहे. परभणी, हिंगोली, यवतमाळकडून लेकरं येतात. कधी आईही बरोबर येऊन राहते आणि बाप गावाकडे शेती बघतो.

पूर्वी मालक म्हणजे गावातला एक मोठा माणूस असायचा. आता आपण सगळेच मालक झालो. निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, पुण्यात स्थायिक झालेल्या मुलाचे आईवडील, एका फ्लॅटच्या किरायावर दवाखान्याचा खर्च भागवणारी आजी. कायद्यातला 'लँडलॉर्ड' म्हणजे हीच माणसं, आणि कलम ५५ ची जबाबदारी त्यांच्यावरच येते. एखाद्या लेकराच्या बापाने शेतमाल विकून दिलेलं डिपॉझिटही त्याच कागदावर सुरक्षित राहतं.

इथे एक गल्लत नेहमी होते. किरायदाराची माहिती पोलीस ठाण्याला देणं आणि करार नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सुरक्षिततेसाठी, दुसरी हक्कांसाठी. एक केली म्हणजे दुसरी झाली असं होत नाही. पोलिसांना माहिती ऑनलाइनही देता येते.

सोसायटीने काय करायचं आणि काय नाही

आता आपल्या सभेतला कळीचा वाद. किरायदार ठेवायला सोसायटीची परवानगी लागते का? सध्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे परवानगी लागत नाही. सभासदाने आधी लेखी कळवायचं आणि नोंदलेल्या कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. म्हणजे सोसायटीचं काम नोंद ठेवण्याचं आहे, माणसं निवडण्याचं नाही. एका सभेत 'विद्यार्थी नकोत' असा ठराव आला होता, तेव्हा मी विरोध केला. आपली स्वतःची लेकरं पुण्या-हैदराबादला कुणाच्या तरी किरायाच्या खोलीत राहतात, हे विसरून चालणार नाही.

पैशाचंही तसंच. पूर्वी अनेक सोसायट्या किरायाने दिलेल्या फ्लॅटवर मनमानी बिनभोगवटा शुल्क लावत. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यावर मर्यादा आली. महापालिकेचे कर वगळून जे सेवा शुल्क असतं, त्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही. आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशा जवळच्या नात्यातलं कुणी राहत असेल तर काहीच घेता येत नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही ही मर्यादा उचलून धरली. उदाहरण द्यायचं तर सेवा शुल्क महिना ६०० रुपये असेल, तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त ६० रुपये.

आणि पाणी. उन्हाळ्यात टँकर आला की 'किरायदारांना एक तास कमी' असं कुणीतरी बोलतंच. पाणी, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सोयी मालकाने किरायदाराच्या तोडायच्या नाहीत, असं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्येच आहे. ज्यांनी २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे येताना पाहिली, त्यांना एका बादलीची किंमत वेगळी सांगायला नको.

आज नोंदणी किती सोपी

पूर्वी रजिस्ट्री ऑफिसला जायचं म्हणजे दिवस मोडायचा. दोन साक्षीदार, रांग, शाई. २०१३ च्या ई-नोंदणी नियमांनंतर लिव्ह अँड लायसन्सचा करार घरबसल्या, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर नोंदवता येऊ लागला. मालक पुण्यात आणि किरायदार नांदेडात असला तरी चालतं.

खर्चाचा अंदाज द्यायचा तर ६० महिन्यांपर्यंतच्या अशा करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते पूर्ण मुदतीचा किराया आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर. किराया महिना ८,००० रुपये, मुदत ११ महिने, डिपॉझिट २०,००० रुपये असेल तर किराया झाला ८८,०००, व्याज सुमारे १,८३३, आणि ०.२५ टक्क्यांचा हिशेब सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. कागद तयार करून देणाऱ्याचा मेहनताना वेगळा. एवढ्या पैशांत दोन्ही बाजूंची झोप शांत लागते.

शिवाय हा कागद किरायदारालाही लागतो. गाळ्यातल्या दुकानदाराला जीएसटी क्रमांक घ्यायचा, बँकेत चालू खातं काढायचं, तर जागेचा पुरावा मागतात. वरच्या कुटुंबाला गॅस घ्यायचा, पत्ता बदलायचा, तर तेच. किरायदाराने नोंदलेला करार मागितला तर तो भांडखोर आहे असं समजू नये. तो आपलाच फायदा करतो आहे.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडे कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. पण त्याची दिशा पाहण्यासारखी आहे. राहत्या घराला डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं, दुकानासारख्या जागेला सहा महिन्यांचं. म्हणजे घर आणि गाळा यांत फरक तिथेही केलेला आहे, आणि लेखी करार तिथेही सक्तीचाच.

शेवटी

सत्तर वर्षांचा हा प्रवास एका ओळीत सांगायचा, तर आधी किराया शब्दावर होता, मग तो रेंट कंट्रोलरच्या हातात गेला आणि आता तो नोंदलेल्या कागदावर आला आहे. १९५४ चा कायदा किरायदाराला मालकापासून वाचवायचा. आजचा नोंदलेला करार दोघांनाही वाचवतो, गैरसमजापासून आणि विसरण्यापासून.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात कार्यकारिणीला माझी एक साधी सूचना. सोसायटीच्या दप्तरात किरायाच्या जागांची एक स्वतंत्र वही उघडावी. तिच्यात दोन भाग असावेत, एक गाळ्यांचा, एक फ्लॅटचा. जागेचा क्रमांक, कराराचा नोंदणी क्रमांक, मुदत कधी संपते, पोलिसांना कळवल्याची तारीख, एवढंच लिहावं. मुदत संपायच्या दोन महिने आधी सचिवांनी मालकाला फोन करावा. यात कुणावर संशय नाही आणि कुणाची चौकशीही नाही.

आणखी एक. या स्मरणिकेच्या शेवटी सभासदांची यादी छापली जाणार आहे. कायद्याप्रमाणे ती सभासदांचीच असते, हे मलाही माहीत आहे. पण पंचवीस वर्षांत आपल्या गणपतीची आरती म्हणणारे, आपल्या म्हाताऱ्यांना रात्री दवाखान्यात नेणारे आणि इथूनच बारावी करून डॉक्टर झालेले कितीतरी जण किरायानेच राहत होते. त्यांचं नाव शेअर सर्टिफिकेटवर नाही. निदान आपल्या वहीत तरी ते नीट, पूर्ण आणि मानाने लिहिलेलं असावं.

सर्व सभासदांना, गाळेधारकांना आणि इथे किरायाने राहणाऱ्या सर्व कुटुंबांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.